उचल घेतली म्हणून पोरगी पाठवायची?

अप्पा, "तूपण लहानपणीच कामाला गेलास ना?" हे आता पुरे झालं. मी मामाच्या सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात गेलो, अनोळखी बाईबरोबर नाही. आज भावकीच्या ग्रुपवर सगळ्यांसमोरच सांगतो.

दुपारी इथं तंजावूरला राजवाड्याजवळ कॉलेजच्या पोरांनी पथनाट्य केलं. तमिळ गाणं, जोरात ढोल. एजंट झालेली बाई म्हणाली, "राहणं-खाणं फुकट. आधार कार्ड आणि फोन माझ्याकडं दे." पोरीनं दिलं आणि ढोल एकदम थांबला. माझ्या बहिणीला, सविताला कामाला नेणारी बाई अगदी हेच बोलली होती.

तिथूनच सविताला फोन लावला. ती बॅग घेऊन त्या बाईबरोबर स्टँडवर उभी; कार्ड दिलेलं, फोन अजून हातात.

"दादा, अप्पांनी हिच्याकडून वीस हजार उचल घेतलीय. नाही कसं म्हणू?"

"उचल मी फेडतो. कार्ड परत माग."

"देत नाही म्हणते."

"मग बोंब मार की!"

तिनं मारली. माणसं जमली तशी बाई कार्ड टाकून पळाली. आता सविता घरी जेवतेय आणि भर स्टँडवर बोंबलायला लावलं म्हणून फोनवर मलाच शिव्या घालतेय. बरं वाटतंय ऐकायला.

भावांनो, उचल घेतली की शब्द दिला, असं आपण मानतो. पण पोरीला कुणी विचारलं का?

अप्पा, उद्या पोलिसांत तक्रार द्या आणि उचल तिथंच जमा करा. ते वीस हजार मी पाठवतोय.