गाळणीकाका

पाळणाघराच्या स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त राबायची ती एक मोठी, बारीक जाळीची गाळणी. बटाटा शिजला की गाळणीतून, गाजर शिजलं की गाळणीतून. केळं बिचारं जन्मजात मऊ, पण त्याचीही सुटका नाही. आचारी पळीच्या पाठीने सगळं रगडायचा आणि वर बोट फिरवून बघायचा, कुठे गाठ राहिली की काय. पालकांनी त्याचं नाव गाळणीकाका ठेवलं आणि पोरांनी ते उचलून धरलं. तोही हसायचा. पण पोरं जेवायला बसली की हसू पार गायब. दारात उभा राहून, डोळ्यांत तेल घालून तो एकेका घशाकडे बघायचा, आणि शेवटचा घास उतरेपर्यंत तिथून हलत नसे.

पूर्वी हा गडी असा नव्हता. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मोठमोठाली पातेली एकट्याने उतरवायचा, आणि आवाज असा की जेवण तयार झाल्याची घंटा वाजवायची गरजच पडू नये. मग एका सुट्टीच्या दिवशी त्याचा तीन वर्षांचा मुलगा घरी ओट्यापाशी उभा होता. सफरचंद कापता कापता बापाने त्याला एक फोड दिली आणि उतू जाणारं दूध उतरवायला पाठ फिरवली. बस, तेवढंच. मागून काही आवाज आला नाही. खोकला नाही, रडणं नाही. तो वळला तेव्हा पोर निळं पडलं होतं. त्याने उचललं, हलवलं, तोंडात बोटं घातली, तसाच अनवाणी रस्त्यावर धावला. उपयोग झाला नाही.

त्यानंतर कॅन्टीन सुटलं. इतकी माणसं एका वेळी चावताना बघून त्याला दरदरून घाम फुटायचा. आणि काम कुठे धरलं, तर लहान पोरांच्या पाळणाघरात! ओळखीपाळखीच्यांनी कपाळाला हात लावला. पण त्याचं गणित साधं होतं. इथली पोरं आपल्या हातचं खाणार, आणि आपल्या हातून गुठळी म्हणून जाणार नाही. निदान इथे तरी कोणाचं पोर जाणार नाही.

या गणिताची वाट लावली ती चिमणीने. चिमणी म्हणजे पाळणाघरातली एक पोरगी, अडीच वर्षांची, अंगाने काडी, डोळे मात्र टपोरे. एका सकाळी पाळणाघर चालवणाऱ्या बाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं. ते दार कधीच लागत नसे, त्यामुळे आचाऱ्याच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"दादा, काल चिमणी वाचली," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांनी बिस्कीट दिलं. तिने तसंच गिळलं. निळी पडली हो पोर. शेजारीण नर्स आहे म्हणून निभावलं."

"बिस्कीट कशाला दिलं?" तो जवळजवळ ओरडलाच.

"कशाला म्हणजे? अडीच वर्षांच्या पोरीला बिस्कीट नाही द्यायचं? डॉक्टर म्हणाले, दात चांगले आहेत, पण हिला चावायचं कसं ते माहीतच नाही. तान्ही असल्यापासून आपल्याकडे जेवते, घरीही आपलं बघून तसंच मऊ देतात. तिला वाटतं, तोंडात आलं की गिळायचं."

आचाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या भीतीपायी त्याने वर्षानुवर्षं हाताला घट्टे पाडून घेतले, तीच त्याने ताटलीत वाढली होती. आणि एकट्या चिमणीलाच नव्हे. बाहेर पोरांची पंगत बसायच्या बेतात होती, त्यातलं प्रत्येक पोर त्याच्याच हातचं जेवत होतं.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, उद्यापासून मी जात नाही.

मुलगा गेल्यापासून बायकोने त्याला कधी दोष दिला नव्हता. उलट तिच्या त्या न बोलण्याचीच त्याला धास्ती वाटायची. आज ती बोलली.

"पळा. आणि त्या पोरीला कोण शिकवणार? नवा आचारी येईल, तो सरळ फोडी कापून देईल. मग?"

"अगं, माझे हात थरथर कापतात."

"कापू देत. आपला पोरगा चावत होता हो. सालासकट खायचा. तुम्हीच शिकवलंत त्याला. त्या दिवशी जे झालं ते झालं, मला अजून रात्र रात्र झोप येत नाही. पण हिचं जे होईल ना, ते आपल्याला माहीत असून होईल."

घशात अडकलेलं कसं काढायचं याचं शिक्षण बाई दरवर्षी द्यायच्या, आणि दरवर्षी नेमकं त्याच दिवशी आचाऱ्याचं पोट बिघडायचं. यंदा बाईंनी चिमणीच्या शेजारच्या त्या नर्सलाच बोलावलं, आणि बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. सरावाचं रबरी बाहुलं त्याने हातावर पालथं घेतलं, आणि त्याचं वजन जाणवताच त्याला हुंदका फुटला. नर्स थांबली, पण तिने बाहुलं काढून घेतलं नाही.

"मारा पाठीत. अजून जोरात. आणि एक ध्यानात ठेवा. पोर खोकतंय, ओकारी काढतंय, तोवर हात लावायचा नाही. ते आपलं आपण लढत असतं. आवाज बंद झाला की मग तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गाजराच्या लांबट फोडी बोटाने चेपतील इतक्या वाफवल्या आणि चिमणीसमोर बसला. बाई शेजारी होत्या. चिमणीने फोड तोंडात कोंबली, थेट मागे ढकलली, आणि तिला ओकारी आली. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आचाऱ्याच्या छातीत धडधड इतकी वाढली की त्याला खोकला नीट ऐकू येईना. हात पुढे गेले. त्याने ते मागे घेतले. पोर खोकत होतं. अजून खोकत होतं. देवा, असंच खोकत राहू दे.

फोड बाहेर पडली.

चिमणी रडली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. घाबरायचं की नाही, हे पोर आपल्या चेहऱ्यावरून ठरवतंय, हे त्याला कळलं. त्याने एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि तोंड वेडंवाकडं करत, गाल फुगवत, मचमच आवाज करत चावायला लागला. डोळे भरून आले होते. तो चावत राहिला.

चिमणीने नवी फोड घेतली. तिचा जबडा एकदा हलला. थांबला. पुन्हा हलला. मग बराच वेळ ती गंभीरपणे चावत बसली, गिळलं, आणि आ करून रिकामं तोंड दाखवलं.

"मला पण!" पलीकडून एक जण ओरडला. "मला पण!" सगळी पंगतच ओरडायला लागली.

आचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. एकीचं निभावताना जीव अर्धा झाला होता, इथे तर इतके घसे.

"राहू द्या दादा," बाई हळूच म्हणाल्या. "आज एकीचंच पुरे."

तो उठला, आत गेला. आतून सुरी चालल्याचा आवाज आला. मग वाफवलेल्या गाजरांची परात घेऊन तो बाहेर आला. फोडी सगळ्या वेड्यावाकड्या, एक जाड तर एक बारीक.

"सगळ्यांना? आजच?" बाईंनी विचारलं.

"दात आहेत त्यांना," तो म्हणाला, आणि दारात उभा न राहता पोरांच्या मधोमध फतकल मारून बसला.