घर शे

पत्नी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझे स्नान, संध्या, देवपूजा हे सर्व यथाविधी चालू होते. त्यातून हाती मात्र काही लागत नव्हते. गंध उगाळताना चंदनाचा वास येतो हे मला ठाऊक होते; येत नव्हता. बाहेरून आल्यावर उंबऱ्याशी वहाणा काढताना जुन्या सवयीने मी विचारीत असे, "कोण आहे घरात?" आणि मग तसाच उभा राही. इतकी वर्षे स्वयंपाकघरातून उत्तर येई, "शे ना मी!" चारचौघांत ती शुद्ध मराठी बोले; 'आहे'ला 'शे' म्हणणारे एवढे एक उत्तर तिने माहेरच्या अहिराणीतच ठेवले होते.

पुण्याहून मुलाचा दूरध्वनी येई. अमळनेरचे घर बंद करून मी कायमचे त्याच्याकडे जावे, असा त्याचा आग्रह.

"नाना, रविवारी गाडी घेऊन येतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नक्की सांगा."

मी बरे म्हणालो. जाणे आणि राहणे, दोन्ही मला सारखेच होते.

त्याच शुक्रवारी, मी जेथे संस्कृत शिकवून निवृत्त झालो त्या अध्यापक महाविद्यालयाची एक दिवसाची क्षेत्रभेट होती. निघताना शांतिपाठ म्हणावा आणि जमल्यास सोबत यावे, अशी प्राचार्यांनी विनंती केली. त्यालाही बरे म्हणालो.

प्रासंगिक करारावरच्या एसटीने आम्ही साक्रीकडे निघालो. माझ्या शेजारी केळीबागांच्या रावेरकडची एक छात्राध्यापिका पाठाचे टाचण पुटपुटत बसली होती. तिचा हा पहिलाच पाठ. मागच्या बाकावरून आरोळी आली, "ए रावेर, केळी आणली का?"

"आणलीत. वाटेत माकडं भेटली की देणार आहे. तू जागाच राहा."

सारी गाडी हसली. हसण्यासारखे काय आहे ते मला कळत होते, एवढेच.

शाळा साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होती. दुसरीच्या वर्गात ती छात्राध्यापिका हजेरी घेऊ लागली, आम्ही मागे भिंतीशी बसलो. पहिल्या मुलाने उत्तर दिले, "शे."

"शे नाही. हजर म्हणायचं."

पुढचा ताडकन उठला. "हजर शे, म्याडम!"

भिंतीशी खसखस पिकली. ती लाल झाली, तरी नावे वाचीत राहिली. एका नावाला दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "शे." लगेच शेजारचा ओरडला, "म्याडम, ती उनीच नही! हाई तिनी बहीण शे."

"बहीण आली नाही, मग तू का उत्तर दिलंस?"

"ती शे ना."

"कुठे आहे? इथे आहे का?"

"आठे नही," मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली. "घर शे."

छात्राध्यापिकेने माझ्याकडे पाहिले. "सर, ती घरी आहे म्हणते. काय लिहू?"

"गैरहजर लिहा," मी म्हणालो. "पण तिला चूक म्हणू नका."

'अस्ति' हे रूप मी आयुष्यभर शिकवले. असणे सांगायला स्थळाची गरज नसते, हेही शिकवले असेल. त्या क्षणी त्यातले काही आठवले नाही. ती मुलगी खाली बसली आणि पाटीवर रेघा ओढू लागली, तेवढेच पाहत राहिलो. दुपारी शाळेच्या अंगणात सर्वांनी डबे सोडले. कोणीतरी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. खाल्ला, तिखट असावा, कारण डोळ्यांना पाणी आले.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप काढले, उंबऱ्याशी वहाणा काढल्या. त्या दिवशी मी काही विचारले नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"नाना, काय ठरलं? कुठे आहात?"

"मी घर शे," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडी कधी नव्हता. त्याने हळूच विचारले, "मग रविवारी?"

"ये ना. सुनेलाही आण, जेवायला या. सामान मात्र गाडीत भरायचं नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. माझा नेहमीसारखाच होता, कोरडा.

हातपाय धुऊन देवापाशी दिवा लावला. सहाणेवर खोड फिरवले. वास आला नाही. गंध मात्र रोजच्यासारखे दाट उतरले, ते देवाला लावले.