नव्या जेटीचा नारळ

मंडळी, आज नारळ न फोडताच घरी आलोय.

तळा तालुक्यातल्या आमच्या तलावाकाठच्या कॅम्पला गाडीरस्ता नाही. नवी तरंगती जेटी गावातल्या आठ जणांनी खांद्यावर वाहून आणली. पाण्यात उतरायला एकच सोपा उतार आहे. तिथेच ती बसवली, कुंपण घालून गेटही लावलं.

शेवटी सगळ्यांत वयस्कर म्हणून गणपतदादांच्या हाती नारळ द्यायला गेलो, तर ते मागे सरले.

“दुसऱ्या कुनाला द्या. बायको गेली माजी, सुतक हाय.”

सुतकातला माणूस दिवसभर माझं ओझं वाहत होता, आणि मला पत्ता नाही!

मग हळूच म्हणाले, “परवा दहावं हाय. आमी ते या उतारावरच करतो. पिंड ठेवाया गेट उघडाल ना?”

मी चावीच दिली. उपकार झाल्यासारखी त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

तुम्हीच सांगा, तलाव कुणाचा?