सत्तर सेंटिमीटरचं पाऊल

माझ्या मावशीचं पाऊल सत्तर सेंटिमीटरचं आहे, हे आमच्या भागातल्या निदान हजार माणसांना पाठ आहे. त्यांतले काही आता दुकानं चालवतात, एक जण शाळेशेजारच्या दवाखान्यात रक्त तपासतो, एकीचा मुलगाही मावशीच्या वर्गातून शिकून गेला. सनावळ्या ते केव्हाच विसरले. पण बाईंचं पाऊल किती, असं झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगतील.

मावशी सातवीला भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. तीन विषय, एकच बाई, आणि आठवड्याचे सहा तास. त्यातलेही एक-दोन तास गणिताचे सर "जरा पोर्शन राहिलाय हो" म्हणत घेऊन जातात. म्हणून तिने फार पूर्वी तिन्ही विषय फळ्याच्या वरच्या कडेला तीन प्रश्नांत बसवून टाकले. कुठे आहे? कधीपासून आहे? मग आता काय करायचं? फळा रोज पुसला जातो, ही ओळ पुसायची नाही.

दरवर्षी तिचा वर्ग परिसरातली एखादी अडचण निवडतो, तिचा नकाशा काढतो, माहिती गोळा करतो आणि ज्याचं काम असेल त्या कार्यालयाला अर्ज लिहितो. माझ्या वर्षी कोपऱ्यावरचा गळका नळ होता. तो दुरुस्त झाला तेव्हा आम्ही नळाभोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि पाणी भरायला आलेल्या बायकांनी आम्हाला वेड्यात काढलं.

नकाशासाठी अंतर मोजायचं ते बाईंच्या पावलांनी. मावशी नोकरीला लागली तेव्हा शाळेत मोजायची टेपसुद्धा नव्हती. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात ती दहा पावलं चालली, सुताराकडून टेप आणून ते अंतर मोजलं, तर बरोबर सात मीटर भरलं. मुलांनी दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या. तेव्हापासून मावशी रस्त्याने पुढे चालते आणि वर्ग मागून मोठमोठ्याने पावलं मोजतो. दुकानदार आधी चेष्टा करायचे. आता आकडा चुकला तर तेच दुकानातून ओरडून सुधारतात.

गेल्या वर्षी भिंतीवर जगाचा नकाशा अडकवताना मावशी शिडीवरून पडली. "जगाने पाडलं मला," असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शाळेत जाऊन तिने जाहीर केलं की गुडघा नव्यासारखा झाला. ती आमच्याच घरी राहते, त्यामुळे खरं काय ते आम्हाला दिसत होतं. बस तिला बंद पडलेल्या टॉकीजपाशी सोडते. तिथून शाळा पूर्वी पाच मिनिटांवर होती. आता तिला पंधरा मिनिटं लागत होती, वाटेत दोनदा थांबून. संध्याकाळी गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून ती वह्या तपासायची.

"किती दिवस ओढणार आहेस हे?" आईने एकदा विचारलंच.

"ओढत नाहीये, चालते आहे."

"ताई, दोनच वर्षं तर राहिली. आधीच निवृत्ती घे. घरी बस, मला भूगोल शिकव."

"तुला? तुला अजून पूर्व कुठली ते कळत नाही."

"कळते. सूर्य उगवतो ती."

"आणि ढग असले म्हणजे?"

आई हसली, पण हटली नाही. शेवटी मावशीने निवृत्तीचा फॉर्म आणला. नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं, सगळं तिच्या गोल अक्षरात भरलं. सहीची जागा तेवढी मोकळी सोडून फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. वर्ष संपताना द्यायचा असं ठरलं. त्यानंतर काही दिवस ती घरात फारच शहाण्यासारखी वागत होती. कुणाला चिडवत नव्हती, हे आम्हाला सहन होईना.

त्याच सुमाराला यंदाच्या सातवीने आपली अडचण निवडली: शाळेच्या फाटकासमोर बसथांबा हवा.

मावशीने ताबडतोब नकार दिला. "दुसरं काहीतरी घ्या. थांबा झाला तर सगळ्यांत मोठी सोय माझी. स्वतःच्या सोयीसाठी तुमच्या हातून अर्ज लिहून घ्यायचा, हे मला जमणार नाही."

दोन वेण्यांची एक लुकडी मुलगी उभी राहिली. तिला सगळी शाळा वकील म्हणते, मुख्याध्यापिकासुद्धा. "बाई, तुम्ही नागरिक आहात ना?"

"आहे."

"मग नागरिकाची सोय बघायची नाही असं पुस्तकात कुठे आहे? पान सांगा, उघडते."

मतदान झालं. थांब्याच्या बाजूने चाळीस, विरुद्ध एक. ते एक मत बाईंचं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका बाई," वकील म्हणाली. "बहुमताचा आदर करायचा असतो. चौथा धडा."

बस कार्यालयाचा नियम असा, की दोन थांब्यांमध्ये रस्त्याने निदान चारशे मीटर अंतर हवं. वर्ग टॉकीजच्या खांबापाशी जमला. मावशी निघाली, चाळीस आवाज मागून निघाले. पाचशे शहाऐंशीव्या पावलाला फाटक आलं. चारशे दहा मीटर वीस सेंटिमीटर! मुलांनी फाटकातच नाच केला. गणिताच्या सरांनी गुणाकार तपासला आणि नाइलाजाने बरोबर ठरवला. नकाशा काढला, अर्ज लिहिला, पाठवला.

तीन आठवड्यांनी एक साहेब आले. त्यांच्या हातात काठी होती आणि काठीच्या टोकाला मोजणीचं चाक. ते खांबापासून फाटकापर्यंत चाक ढकलत आले. चाकावरचा आकडा तीनशे एकोणसत्तर. वर्ग मागे लागला म्हणून परत गेले, परत आले. तीनशे एकोणसत्तर.

"अर्ज मात्र फार नेटका आहे," साहेब ओशाळून म्हणाले. "पण बाई, एकतीस मीटर कमी पडतात. नियम काही मी केलेला नाही." त्यांनी मुलांसमोर नकाराचा शेरा लिहायचं टाळलं, हे मावशीने लक्षात ठेवलं.

"मी गुणाकार तपासला होता," गणिताचे सर जाता जाता म्हणाले. "पाऊल नव्हतं तपासलं."

वर्गात एकच गोंधळ माजला.

"तू शिंकलास ना शिंप्याच्या दुकानापाशी, तेव्हाच आकडा चुकला!"

"एका शिंकेत एक्केचाळीस मीटर जातात होय? मी काय तोफ आहे?"

वकील या भांडणात नव्हती. ती दाराशी उभी राहून व्हरांड्यातल्या रेघांकडे बघत होती. "बाई," ती म्हणाली, "जरा इकडून तिकडे चालून दाखवता?"

मावशी पहिल्या रेघेवर उभी राहिली. मुलं सवयीने मोजायला लागली. एक, दोन, तीन. आठ, नऊ, दहा. दुसरी रेघ अजून पुढेच होती. अकराव्या पावलालाही ती बुटाच्या टोकापासून चार बोटं लांब राहिली. मोजणं आपोआप थांबलं. इतकी वर्षं दहाव्या पावलाखाली येणारी ती रेघ मावशी खाली मान घालून बघत राहिली.

मग ती हसायला लागली. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे तुमची मोजणी बरोबर आहे रे," ती म्हणाली. "पट्टीच आखडली!"

मुलं हसली नाहीत. तेव्हा तिने सगळ्यांना वर्गात बसवलं आणि स्वतःही बसली. "गुडघा नव्यासारखा झाला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. माझ्या खोट्याने तुमचा नकाशा बिघडला. मला हा रस्ता झेपत नाही. म्हणून हे वर्ष संपलं की मी थांबायचं म्हणते आहे."

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "मग आता काय करायचं?" ते बाईंना विचारलं होतं की फळ्यावरचं वाचलं होतं, कळलं नाही. पण मावशीने मान वळवून फळ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तो उत्साह आला, जो इतिहासाच्या तासाला एखादा राज्यकर्ता कुठे चुकला हे सांगताना येतो.

"अरे, आपण मधला प्रश्न गाळला! कुठे, ते मोजलं. काय करायचं, ते ठरवलं. कधीपासून, हे कुणी विचारलं? तो टॉकीजपाशीचा थांबा मुळात तिथे का आहे?"

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग चपला शिवणाऱ्या काकांपुढे उभा होता. थांब्याच्या खांबाशेजारी त्यांचं लाकडी खोकं असतं.

"थांबा होय? माझ्याही आधीपासून आहे," काका म्हणाले. "टॉकीज होतं ना हे. खेळ सुटला की इथे माणसावर माणूस पडायचा. धक्काबुक्कीत चपला तुटायच्या. म्हणून तर मी इथे बसलो."

"आणि टॉकीज बंद कधी झालं?"

"एकोणीस वर्षं झाली. आता आत प्लायवूड ठेवतात."

"मग बस अजून इथे का थांबते?" वकिलाने विचारलं.

काकांचा हात टाक्यावरच थांबला. "अरेच्चा," ते म्हणाले. "हे मी बसवाल्यांनाही नाही विचारलं, आणि स्वतःलाही नाही."

म्हणजे नवा थांबा मागायचाच नव्हता. जुना हलवायचा होता. मुलं उड्या मारत परत निघाली, तशी मावशीने त्यांना अडवलं. "आपली सोय झाली. गैरसोय कुणाची होणार, ते आधी विचारा." सगळ्यांनी माना वळवून खोक्याकडे बघितलं.

"काका, थांबा हलला तर तुमचं गिऱ्हाईक जाईल ना?"

"मी काय खांब आहे, जमिनीत पुरलेला? खोकं उचलीन आणि येईन. आणि तुम्ही पोरं चपलांचे जे हाल करता, ते बघता मी आधीच यायला हवं होतं."

मुलांनी सहा दिवस सकाळी पाळीपाळीने खांबापाशी उभं राहून उतरणारी माणसं मोजली. दोनशे बारा उतरली. त्यांपैकी एकशे एक्याऐंशी सरळ शाळेकडे नाहीतर दवाखान्याकडे गेली. प्लायवूडकडे गेले दोघे. फाटकापासून पुढचा थांबा टेपने मोजला, सहाशे चाळीस मीटर निघाला. टेप धरायला गणिताचे सर स्वतः आले. "यंदा पावलं नकोत," असं म्हणाले, पण तास त्यांचा होता आणि तो त्यांनी आपण होऊन दिला.

अर्जाचा मसुदा लिहायची वेळ आली. "कच्च्या कामाला कोरी पानं फाडायची नाहीत," म्हणत मावशीने पर्स धुंडाळली आणि एक पाठकोरा कागद वकिलाच्या हातात दिला. वकिलाने घडी उघडली, कागद उलटा केला, सुलटा केला.

"बाई, याच्या पुढच्या बाजूला तुमचं नाव आहे."

"पाठकोऱ्या कागदाची पुढची बाजू वाचायची नसते."

"पण इथे सही राहिलीय."

"राहू दे. तू मागे लिही. आणि सुरुवात 'सविनय' अशी कर, तुझ्या नेहमीच्या सुरात नको."

त्या दिवशी घरी आईने विचारलं, "फॉर्म कुठे आहे गं?"

"त्यावर मुलांनी मसुदा लिहिला."

"अगं, मग दुसरा आण."

"थांबा हलला नाही, तर आणीन," मावशी म्हणाली आणि आईच्या ताटातली भाजी वाढून घेतली. ती पुन्हा शहाण्यासारखी वागेनाशी झाली होती. आम्हाला जरा हायसं वाटलं.

अर्ज गेला. सहामाही परीक्षा झाली, निकाल लागला, कार्यालयाकडून शब्द नाही. आई रोज मावशीच्या बुटांकडे बघायची. मग एका सकाळी मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर ठोकाठोकीचा आवाज आला. चाकवाले साहेब दोन माणसं आणि तो जुना खांब घेऊन आले होते. खड्डा खणला, खांब उभा राहिला, चाळीस मुलांनी त्याच्याभोवती टाळ्या वाजवल्या. दवाखान्यातला रक्त तपासणारा हातमोजे घालूनच बाहेर धावत आला आणि टाळ्या वाजवायला लागला. काय झालं, हे त्याने नंतर विचारलं.

"पाटीवर अजून टॉकीजच लिहिलंय," वकील म्हणाली.

"नाव बदलायला वेगळा अर्ज लागतो," साहेब जपून म्हणाले. वकिलाने लगेच वही काढली.

मावशीने ती हळूच मिटवली. "पुढच्या वर्षीच्या मुलांना काहीतरी ठेव की."

दुसऱ्या दिवशी कंडक्टर सवयीने ओरडला, "चला टॉकीज, टॉकीज!" मावशी शाळेच्या फाटकासमोर उतरली. काकांचं खोकं आधीच येऊन बसलं होतं. तिने कशाचाही आधार न घेता रस्ता ओलांडायला सुरुवात केली आणि फाटकातली मुलं तिची पावलं मोजू लागली. नऊ पावलं.

"पाच मीटर सदुसष्ट सेंटिमीटर," गणिताचे सर फाटकातून म्हणाले. त्यांनी बहुधा आदल्या दिवशीच हिशेब करून ठेवला होता.

व्हरांड्यात आता तिसरी रेघ आहे, दुसरीच्या थोडी अलीकडे. तिच्यापर्यंत बाईंची बरोबर दहा पावलं होतात, सहा मीटर तीस. फॉर्म दुसरा आणलेला नाही. यंदाच्या सातवीला बाईंचं पाऊल त्रेसष्ट सेंटिमीटर असं पाठ आहे, आणि परवा थांब्यावर त्यांतला एक जण रक्त तपासणाऱ्याशी त्यावरून तावातावाने भांडत होता. काकांनी टाका घालता घालता दोघांचं ऐकून घेतलं. बस आली, मावशी उतरली, आणि दोघेही भांडण सोडून तिच्या पायांकडे बघायला लागले.