नलूचा दिवस

फोन नलूच्या नवऱ्याचा, भाऊरावांचा होता. "शकूबाई, तुमची मैत्रीण गेली," ते म्हणाले. कधी, कशानं, परवाच तर आम्ही बोललो होतो... असं काहीबाही मी विचारत सुटले. पहाटे छातीत कळ आली, हिंगोलीला न्यायला जीप बोलावली, ती दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. आणि मग ते म्हणाले, "एक इचारायचं व्हतं. शाळेची पोरं फोटो करून आनायला निघाली. खाली हिची जन्मतारीख कोन्ती लिवायची?"

खरं सांगते, मला संताप आला. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण गेल्याची बातमी आणि तारखेची चौकशी, दोन्ही एकाच दमात! पण ते रडवेल्या आवाजात बोलतच राहिले. "शाळेतली एक जून हाये, पर ती तिला आवडत नव्हती. जत्रंचा दिवस म्हनायची, त्याचं साल मला धड ठाऊक न्हाई. हिची थोरली भैन आक्का असती तर तिला इचारलं असतं. तुमाला हिनं कायतरी सांगितलं असंल." सांगितलं होतं. सांगितलं होतं आणि कुणाला बोलायचं नाही, 'ह्यांना तर मुळीच न्हाई' असंही बजावलं होतं. मी म्हटलं, मी निघतेच आहे, आल्यावर बघू. नांदेडहून शिरड शहापूरला जाताना बसमध्ये मला रडू आलंच नाही. वचन मोडावं की माणसाला भलतीच तारीख लिहू द्यावी, ह्याच एका प्रश्नानं डोकं भणभणत होतं.

नलू आणि मी परभणीला डी.एड.ला एका खोलीत होतो. तिसरी विमल. ती लातूरची, जाडजूड, घाबरट आणि खाण्यापिण्याची शौकीन. पुढं मी नांदेडला नोकरीला लागले, विमल लातुरातच राहिली आणि नलू लग्न होऊन शिरडला गेली. भाऊराव शेतकरी, बोलायला कमी, पण बायको मास्तरीण असल्याचा त्यांना भारी अभिमान. नलू तिथल्या शाळेत शिकवत शिकवत हेडबाई झाली. पहिलीत पोर घालायला आलेल्या आईला जन्मतारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी बिनदिक्कत एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या मराठवाड्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, ती अशी. नलूला ह्याची भयंकर चीड. ती त्या आईला समोर बसवायची आणि खोदून खोदून विचारायची. लेकरू झालं तवा तूर काढून राहिले व्हते का? पोळा झाला व्हता का? तुझ्या जावंची पोरगी ह्याच्या आधीची का मागची? अर्धा अर्धा तास हे चालायचं. दाखल्यापेक्षा उलटतपासणी मोठी! मी एकदा तिच्या शाळेत गेले असताना हे बघितलं आणि म्हटलं, "नले, काय फरक पडतो गं?" तर माझ्यावरच उसळली. "फरक काहून पडत न्हाई? मानसाला सोताचा म्हनून एक दिवस नको का? एक जून ही माझी तारीख न्हाई शके, ती आमच्या गुरुजींची हाये."

तिचा स्वतःचा दिवस होता औंढ्याच्या रथाचा. महाशिवरात्रीची जत्रा भरते, त्यानंतर नागनाथाचा रथ देवळाभोवती फिरतो. नलूची आई दिवस भरत आलेले असताना जत्रेला गेली आणि रथाच्या दिवशी तिथंच, देवळाजवळच्या एका ओळखीच्या घरात बाळंत झाली. ही गोष्ट नलूनं आम्हाला हॉस्टेलात इतक्या वेळा सांगितली होती की विमल तिला 'रथातली बाई' म्हणायची. त्यामुळं नव्वदच्या दशकात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं त्या काळात, तिचा फोन आला की ह्या रथाला मला पन्नास पूर्ण होतात, दोघी या, औंढ्यालाच साजरं करू, तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. तिनं आयुष्यात कधी केक कापला नव्हता की कुणी ओवाळलं नव्हतं. तिचा उत्साह लहान पोरीसारखा ओसंडून चालला होता.

आम्ही आदल्या दिवशी शिरडला पोचलो. संध्याकाळी तिनं गावातलं जुनं जैन मंदिर दाखवलं, आणि सकाळी भाऊरावांनी ठरवलेल्या जीपमधून औंढ्याला. गर्दी म्हणजे काय सांगावी! पेढे, रेवड्या, बांगड्या, पिपाण्या, आणि त्या सगळ्यातून आम्हा दोघींचे हात धरून ओढत नेणारी नलू. देऊळ तिनं असं दाखवलं जसं काही स्वतःच्या माहेरचा वाडा दाखवते आहे. खालचे हत्ती बघा, ह्या बायका बघा, ह्यांची नाकं कुनी फोडली ते इचारू नका. गाभारा जमिनीच्या पोटात. अरुंद भोकातून पायऱ्या उतरून जावं लागतं. विमल अर्ध्यावर अडली. वरून माणसं ओरडतात, खालून माणसं ओरडतात, आणि मध्ये विमल डोळे मिटून नागनाथाला नवस बोलते आहे की मला वर काढ. नलू हसून हसून भिंतीला टेकली होती. बाहेर आल्यावर तिनं आम्हाला देवळामागं नेलं. इथं नंदी देवापुढं नाही, पाठीमागं आहे. कीर्तन करणाऱ्या संताला पुजाऱ्यांनी मागं हाकललं तेव्हा सबंध देऊळच त्याच्याकडं तोंड करून फिरलं आणि नंदी बिचारा मागं राहिला, अशी तिथली श्रद्धा. "आता बघा," नलू म्हणाली, "माझी आय म्हनायची, मागच्या अंगाच्या घरात तू झालीस. आता ह्या देवळाचं मागचं अंग कोन्तं धरायचं?" आम्ही तिघी त्या उन्हात इकडून तिकडं दोन चकरा मारून आलो. प्रत्येक जुन्या घरासमोर ती थबकायची, जरा वेळ बघायची आणि म्हणायची, हेच असंल. मग पुढच्या घरासमोरही तेच.

आक्का, तिची थोरली बहीण, औंढ्यातच दिलेली होती. नलूपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. जेवण आणि औक्षण तिच्या घरी होतं. पुरण शिजून तयार होतं आणि कणकेचे दिवे करायचं काम निघालं. जितकी वर्षं तितके दिवे. तर बाहेरून भाऊरावांनी टाकलं, "नोकरीच्या हिशेबानं बावन होतेत." नलू म्हणाली, पन्नास. आक्का मात्र कणीक मळता मळता थांबली. "थांब, मला मोजू दे," ती म्हणाली. विमल बाहेर पाटावर पाय पसरून बसली होती, भाऊराव जीपवाल्याशी बोलत होते. स्वयंपाकघरात आम्ही तिघीच. आक्का बोटांवर मोजायला लागली. "रथाला लेकरू झालं. पुढल्या साली रझाकार आले. आमी समदे रानात लपलो. आयच्या पोटाशी लेकरू, मी धाकट्या भावाला धरलेलं. तिथं त्या लेकराला ताप भरला... अन् तिसऱ्या रोजी..." पिठाचा हात तसाच हवेत.

"काय तिसऱ्या रोजी?" नलूनं विचारलं.

आक्कानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "जाऊ दे नले. आयनं शपथ घातली व्हती." पण नलू ती उलटतपासणी करणारी हेडबाई. तिच्यापुढं कोण टिकणार? हळूहळू सगळं बाहेर आलं. रथाच्या दिवशी झालेली मुलगी रानात गेली. तिला तिथंच पुरलं. त्यानंतर साल-दीड सालानं ही झाली. कधी, कोणत्या महिन्यात, ते आक्काला आठवेना. पेरणी झाली होती की व्हायची होती, तेही नाही. घरात दुःख इतकं होतं की कुणी ध्यानातच ठेवलं नाही. "आय तुला बघून म्हनली, माझी नली परत आली. त्या लेकराचं नाव बी नलूच व्हतं. मग तीच परत आली म्हनल्यावर दिवस दुसरा काहून धरंल? रथाचाच धरला."

मी नलूकडं बघत होते. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर उठून जाईल. तिनं आक्काच्या हातातून कणकेचा गोळा घेतला. "मग किती करायचे दिवे?" ती म्हणाली. आक्का पदरानं डोळे पुसत होती. "पन्नासच कर," तिनं कसंबसं म्हटलं. नलू दिवे वळायला बसली. मीही बसले. मी तिला विचारायला हवं होतं की थांबवू का सगळं, पण तिचा चेहरा बघून मला काही सुधरेना. ती खरंच शांत होती की तसं दाखवत होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

ताटात दिवे मावेनात म्हणून परात घेतली. विमलनं ती उचलली आणि ओवाळताना तिचे हात असे थरथरायला लागले की भाऊराव पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले. सगळे हसले. नलूही हसली, कुंकू लावून घेतलं, पेढा खाल्ला. बाहेर रथ निघाला होता, लोकांचा गजर घरात येत होता. परतताना जीपच्या मागच्या बाजूला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, विमल पुढं घोरत होती. आवाजाच्या आडोशानं नलू म्हणाली, "शके, आज वाढदिवस कुनाचा झाला गं?" मी तिचा हात धरला. मग तिनं ते वचन घेतलं. "ह्यांनी किती हौसेनं केलंय. ह्यांना तर मुळीच न्हाई."

त्यानंतर आम्ही दोघींनी हा विषय काढला नाही. दर वर्षी ती रथाला औंढ्याला जात होती, एवढं मात्र मला ठाऊक होतं. फोनवर मी 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणायचे तेव्हा ती 'दे दे' म्हणून हसायची. त्या हसण्याचा अर्थ लावायचा मी सोडून दिला. ज्या बाईनं शेकडो लेकरांना त्यांचा त्यांचा दिवस शोधून दिला, तिला स्वतःचा मिळाला नाही, हे तिला जाळत होतं का? की आईचंच म्हणणं तिनं मान्य केलं होतं, तीच मी, तोच दिवस? मला राग यायचा तो त्या आईचा, आणि लगेच त्या रानातल्या बाईची दया यायची. माझं हे असं उलटसुलट अजून चालूच आहे.

मी पोचले त्या दिवशी गर्दीत तारखेचा विषय निघालाच नाही. तेराव्याच्या दिवशी जेवणं झाली, माणसं पांगली, नलूची लेक भांडी आवरायला गेली. भाऊरावांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. फोटो भिंतीला लावलेला होता, खाली नुसतं नाव. तारखेची जागा त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. मग त्यांनी नलूच्या कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत तान्ह्या लेकरांच्या मनगट्या होत्या. काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या, दृष्ट लागू नये म्हणून घालतात त्या. एकही वापरलेली नाही. काहींचा दोरा जुना होऊन कुजला होता. "दर जत्रंतून एक जोड आनायची," ते म्हणाले. "मला वाटायचं शाळंतल्या कुनाच्या लेकराला देत असंल. आपली नातवंडं तर हायस्कुलात हायेत. ह्या कुनासाठी व्हत्या, बाई?"

मग मात्र मला रडू आवरेना. आणि मी वचन मोडलं. रानापासून परातीपर्यंत सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मधेच त्यांनी एक मनगटी उचलली आणि बोटात अडकवून फिरवत राहिले. "मंग हिचा दिवस कोन्ता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही भाऊराव. आता ते कुणालाच ठाऊक नाही. ते म्हणाले, "इतकी सालं मी हिला इचारायचो, जत्रंला एकटी काहून जातीस? म्हनायची, एकटी न्हाई जात." एवढं बोलून ते उठून अंगणात गेले, आणि मी संध्याकाळच्या बसनं नांदेडला परतले.

गेल्या आठवड्यात शिवरात्र झाली, मग रथ. त्या रात्री मी फोनकडं बघत बसले होते. शुभेच्छा द्यायच्या तर कुणाला? तेवढ्यात फोन वाजला. भाऊरावच होते. औंढ्याहून नुकतेच परतले होते, आवाज थकलेला होता. फोटोखाली काय लिहिलं, मी विचारलं. "रथाचा दिवस लिवला. साल न्हाई लिवलं," ते म्हणाले. बरोबर केलं का, असं त्यांनी विचारलं नाही.

"आन् मनगट्या आनल्या, बाई," ते म्हणाले. "एक जोड घ्यायला गेलतो... दोन घेऊन आलो."