धुराचा वास

आमली गावातल्या एका खान्देशी मेकॅनिकला बोलताना इंजिनाकडेच बघायची सवय. त्यानं माझ्या गाडीचं इंजिन दुरुस्त केलं, पण लगेच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्यानं स्कॅनर जोडला.

"कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, खराब दाखवतोय," म्हणाला आणि सायलेन्सरपाशी वाकून धूर हुंगू लागला. बराच वेळ तसाच राहिला.

"भाऊ, सडक्या अंड्यासारखा वास येतोय का? कन्व्हर्टर गेला की तसा येतो."

मी नाकाला रुमाल लावून लांब उभा होतो. "तुम्हाला येत नाही?"

"दिवाळीपासून कसलाच येत नाही. परवा घरात गॅस गळत होता, मी तिथंच बसून होतो. बायको आली म्हणून वाचलो. कुणाला सांगू नका, भाऊ. गिऱ्हाईक तुटेल."

मी हो म्हणालो. तेवढ्यानंच त्याचा चेहरा निवळला आणि मला कसंतरीच झालं.