पबच्या तळघरातला संन्यासी

कॅनडातल्या विनिपेगमध्ये कॉलेजला जाताना बसमध्ये रोज एक म्हातारे इंग्रज गृहस्थ माझ्या शेजारी बसायचे. हातमोजे काढून मांडीवर नीट जोडून ठेवले, की ते आपल्या मूळ शहरातल्या जुन्या पबबद्दल बोलू लागत. तिथल्या तळघरात एका संन्याशाचं भूत होतं आणि ते माणसांना आत कोंडून बाहेरून कडी लावायचं. एकदा तर वेश पालटून राजा आला आणि पहाटेपर्यंत त्याने कुणालाच उठू दिलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इतिहासाच्या असाइनमेंटसाठी मी हे सगळं मनापासून लिहून काढलं. पण पुरावा शोधता शोधता तारीख उलटून गेली.

शेवटी मी भीत भीत विचारलं, "सर, हे कुठल्या पुस्तकात मिळेल?"

"पुस्तकात कसं मिळेल? वडील पबमधून उशिरा आले, की आईला हे सांगायचे. तासभर उशीर झाला तर संन्यासी. सकाळी उगवले तेव्हा राजा."

"आणि आई?"

"संन्याशाला जेवण वाढायची. राजाला नाही वाढलं."

माझं तोंड उतरलं. असाइनमेंट आधीच लेट आहे, मार्क कापतील, असं मी कसंबसं सांगितलं.

"किती उशीर?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"एक दिवस."

त्यांनी हातमोजे चढवत थोडा विचार केला. "संन्यासी सांग, पोरी. राजा आयुष्यात एकदाच वापरता येतो. तो जपून ठेव."

मी पुराव्याच्या जागी खरं तेच लिहिलं, की या त्यांच्या वडिलांच्या सबबी आहेत. उशिराचे मार्क गेलेच. राजा मात्र मी अजून वापरलेला नाही.